लेसीबाईंची युलिन

बसमध्ये चढताना ‘गुड आफ्टरनून’ म्हणायचं इस्मे विसरली, आणि आत बसलेल्या सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

“अगंबाई, कुणीतरी तोंड घरीच ठेवून आलेलं दिसतंय,” खिडकीशी बसलेली एक जाडजूड बाई बाहेर बघत म्हणाली. बोलली खिडकीशी, पण ऐकू ड्रायव्हरपर्यंत गेलं.

“गुड आफ्टरनून,” इस्मे ओशाळून म्हणाली. “माफ करा हं. किती रात्री झाल्या, डोळ्याला डोळा नाही.”

“गुड आफ्टरनून!” अख्ख्या बसने एका सुरात उत्तर दिलं. प्रकरण मिटलं. ग्रेनाडात माणूस एक वेळ लबाड असलेला चालतो, पण बसमध्ये मुकाट शिरलेला चालत नाही. तीच जाडजूड बाई आता सरकून बसली, मांडीवरची अळूची टोपली तिने पायाशी घेतली आणि इस्मेच्या हातातली पिशवी आपणहून ओढून त्या टोपलीवर ठेवली.

“बसा ताई, टेका. मी हेझलीन. बाजार उरकून चाललेय गुयावच्या पुढं. तुम्ही?”

“व्हिक्टोरियाच्या पुढं,” इस्मे म्हणाली आणि ड्रायव्हरकडे वाकली. “दादा, रेडिओवर बातम्या लावणार ना?”

“बातम्या लावतो आणि त्यांच्या मागचंही लावतो,” पिकल्या केसांचा ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला. “आमची म्हातारी अजून खमकी आहे. घरी गेलो की पहिला प्रश्न, आज कोण गेलं?”

इस्मेचा जीव जरा खाली बसला. याआधीच्या दोन बस तिने मुद्दाम सोडल्या होत्या. त्यांचे ड्रायव्हर पोरसवदा होते आणि आत गाण्यांचा असा दणदणाट होता, की बातम्यांच्या वेळी त्यांना कुणी सांगून उपयोग झाला नसता. आणि आज बातम्यांच्या मागचं ऐकणं तिला भाग होतं. लेसीबाई गेल्याचं आज रेडिओवर सांगणार होते.

दुपारच्या बातम्या संपल्या, की आधी चर्चमधलं भजन थोडंसं वाजतं आणि मग गेलेल्यांची नावं येतात. आधी पूर्ण नाव, मग ज्या नावाने माणूस खरोखर ओळखला जायचा ते नाव, आणि मग त्याच्या मागे राहिलेल्यांची लांबलचक यादी. ब्रुकलिनची मुलगी, टोरांटोचा जावई, लंडनची पुतणी, शेजारी, मैत्रिणी, चर्चमधली मंडळी. ज्याचं नाव तिथे वाचलं जातं तो त्या घरचा. चर्चमध्ये पुढच्या बाकांवर त्याने बसायचं. ज्याचं राहतं तो मागे. सख्खे भाऊ यावरून वर्षानुवर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत.

इस्मे आठ वर्षं लेसीबाईंकडे होती. त्यांना न्हाऊमाखू घालणं, कुशीवर वळवणं, भरवणं, रात्री हाक आली की उठणं, सगळं तिने केलं. बाईंचा शेवटचा श्वासही तिच्याच दंडावर गेला. तिला दुसरं काही नको होतं. आपलं नाव एकदा त्या रेडिओवर यावं, गावाने ऐकावं, आणि शनिवारी आपण पुढच्या बाकावर बसावं, एवढंच तिच्या मनात होतं. पण त्यात एक घोळ होता, आणि तो बाहेरच्या कुणालाच माहीत नव्हता.

तिच्या आधी बाईंकडे युलिन मॉडेस्ट नावाची बाई कामाला होती. ती त्रिनिदादला गेली आणि जाताना इस्मेला लावून देऊन गेली. बाईंचं मन तेव्हाच निसटायला लागलेलं होतं. त्या इस्मेला युलिनच म्हणायच्या. पहिल्याच आठवड्यात इस्मेने सरळ सांगितलं, “बाई, मी इस्मे.” त्यावर बाई अशा काही घाबरल्या! “युलिन कुठंय? तू कोण? माझ्या घरात कशी शिरलीस?” म्हणत काठी घेऊन दाराशी बसल्या, आणि उजाडेपर्यंत हलल्या नाहीत. त्या दिवसापासून इस्मे युलिन झाली. अमेरिकेतल्या मुलीने, मार्वाने, युलिनला कधी पाहिलेलंच नव्हतं. कागदपत्रांच्या भानगडीमुळे तिला इतकी वर्षं मायदेशी येता आलं नव्हतं. इस्मेने एकदा फोनवर तिला सांगून पाहिलं, तर ती हसली. “आई तर युलिन म्हणते. आणि आमची आई नाव चुकेल? शाळेतल्या तीन पिढ्यांच्या पोरांची नावं पाठ आहेत तिला!” पगार आणून देणारे चर्चमधले गृहस्थ इस्मेला ‘नर्स’ म्हणत, शेजारीही ‘नर्स’च म्हणत. बाईंचं घर होतं त्या टेकडीवर तिला तिच्या नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं.

कागदपत्रं एकदाची सुटली आणि मार्वा या आठवड्यात आली, गळ्यात पडून रडली. “युलिन, तू होतीस म्हणून गं. तुझं नाव मी सगळ्यांच्या आधी घालणार आहे.” इस्मे म्हणाली, “मार्वाताई, ते नावाचं जरा...” तेवढ्यात टोरांटोहून मार्वाच्या भावाचा फोन आला. मग आज सकाळी निघताना तिने त्या चर्चमधल्या गृहस्थांना फाटकाशी गाठलं. “माझं नाव इस्मे टेलेसफोर्ड. रेडिओवर तेच जाऊ दे.” ते म्हणाले, “हो हो, सांगतो मार्वाला.” सांगितलं की नाही, आणि सांगितलं असलं तर मार्वाने आईपेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवला की नाही, हे आता रेडिओच सांगणार होता.

बस भरली आणि निघाली. बंदर मागे पडलं, डाव्या हाताला समुद्र आला.

“इतक्या पिशव्या घेऊन? नोकरी सोडली की काय?” हेझलीनने चौकशीला हात घातला.

“सुटली,” इस्मे म्हणाली. तिला बोलायचं नव्हतं. डोळे मिटावेत आणि घर यावं, एवढंच वाटत होतं. पण बसमध्ये शेजारच्याला गप्प बसून त्रास द्यायचा नसतो, म्हणून ती पुढे म्हणाली, “एका म्हातारीला सांभाळत होते. गेली ती.”

“अरेरे. कोण हो?”

“लेसीबाई. शाळेच्या.”

पुढच्या सीटवरचा एक म्हातारा गर्रकन वळला. डोक्यावर टोपी, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली करवत. होड्या बांधणारा सुतार होता. “कोण? लेसीबाई गेल्या?”

“हे बघा, काकांना आत्ता जाग आली,” हेझलीन म्हणाली. “तुम्ही ओळखत होता?”

“ओळखत होता म्हणजे? अगं, त्यांचा मार खाल्लाय मी! सेप्टिमस नोएल, शेवटचा बाक. माझा शर्ट कधी चड्डीत राहायचा नाही आणि बाईंची पट्टी कधी टेबलावर राहायची नाही.” आजूबाजूचे हसले, पण म्हातारा हसला नाही. त्याने टोपी काढून करवतीवर ठेवली. “एक गोष्ट सांगतो. दोनेक वर्षांमागं मी शहरात कामाला गेलो होतो. म्हटलं, बाई आहेत तर पाया पडून येऊ. एक नीरफणस घेतला आणि गेलो. पन्नास वर्षांनी, बरं का! माझी बायको मला ओळखत नाही दाढी केल्यावर. व्हरांड्यात बाई खुर्चीत बसल्या होत्या. माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, ‘काय रे सेप्टिमस, शर्ट अजून बाहेरच?’”

“खोटं!” हेझलीन म्हणाली.

“आईशप्पथ. मी तिथंच रडलो. मला आयुष्यात कुणी लक्षात ठेवलेलं नाही, पोरी. बापाला सात पोरं, तो हाक मारायचा ती नेहमी दुसऱ्याच्याच नावानं. शाळेत ढ. बोटी मी बांधल्या, नावं मालकांची लागली. आणि या बाईंनी इतक्या पोरांतनं मला ठेवलं होतं डोक्यात. त्या दिवसापासनं मी जरा ताठ चालतो, खोटं कशाला सांगू.”

इस्मे खिडकीबाहेर बघत राहिली. तिला तो दिवस चांगला आठवत होता. फाटकाशी हा म्हातारा नीरफणस काखोटीला मारून उभा होता आणि तिने नेहमीप्रमाणे विचारलं होतं, “काय नाव सांगू? काही खूण आहे का, बाईंना पटकन आठवेल अशी?” हाच म्हणाला होता, “सांगा, शर्ट बाहेर काढून फिरणारा सेप्टिमस.” म्हणालेलं तो साफ विसरला होता. इस्मेने आत जाऊन उशी सारखी करायच्या निमित्ताने ते बाईंच्या कानात सांगितलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत ती हेच करायची. पुढचं सगळं बाईंचं. आवाज, भुवई, ती पट्टी मारल्यासारखी बोलण्याची तऱ्हा, काही गेलं नव्हतं. माणूस फाटकाबाहेर पडला की बाई इस्मेचं बोट घट्ट दाबायच्या. आपण बुडत चाललोय हे त्यांना कळत होतं, आणि कुणाला कळू द्यायचं नाही हे दोघींनी न बोलता ठरवलं होतं. इस्मेने ते सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

“तुम्हाला कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय,” सेप्टिमस तिच्याकडे निरखून बघत म्हणाला. “तिथंच का?”

“असेल,” इस्मे म्हणाली. त्या दिवशी तिच्या डोक्याला फडकं होतं, आज घरी जायची हॅट होती.

“मग रेडिओवर तुमचंही नाव येणार की!” हेझलीन खूश झाली. “म्हणून मघाशी बातम्यांचं विचारलंत होय! अहो, सांगायचं की. ए, गप्प बसा रे मागं! या ताईंचं नाव यायचंय.”

“येईल बहुतेक,” इस्मे म्हणाली.

ड्रायव्हरने आवाज वाढवला. बातम्या संपल्या, भजनाची ओळ वाजली. मागच्या सीटवरच्या दोन पोरींनी कुजबुज थांबवली. अनोळखी मंडळी, पण सगळ्यांनी कान टवकारले.

आधी ग्रेनव्हिलचा एक शिंपी गेला. त्याच्या मागे अकरा मुलं होती. हेझलीन म्हणाली, “शिवायला वेळ कधी मिळाला याला?” आणि कुणीतरी तिला शुक् केलं. मग निवेदिकेने दम घेतला.

“कळवण्यास अत्यंत दुःख होते की, ऑलिव्ह थिओडोरा लेसी, लेसीबाई या नावाने सुपरिचित, निवृत्त मुख्याध्यापिका, यांचे निधन झाले. त्यांच्या मागे त्यांची युलिन, युलिन मॉडेस्ट, जिने पोटच्या मुलीच्या जागी राहून अखेरपर्यंत त्यांची सेवा केली...”

सगळ्यांच्या आधी. मार्वाने शब्द पाळला होता.

“...ब्रुकलिन येथील मुलगी मार्वा, टोरांटो येथील मुलगा एल्विन...” यादी पुढे सरकत होती. आता येण्यासारखं काही उरलं नव्हतं हे इस्मेला कळत होतं, तरी ती वेड्यासारखी ऐकत राहिली. नातवंडं झाली, पतवंडं झाली, भाचे झाले. शेजारी आले तेव्हा ती रेडिओकडे वाकली. दवाखान्यातल्या नर्स आल्या. चर्चच्या महिला मंडळाच्या सभासद आल्या. रोज पाव टाकणारा माणूससुद्धा आला. “अंत्यविधी शनिवारी दुपारी,” निवेदिका म्हणाली, आणि पुन्हा भजन लागलं.

ड्रायव्हरने आवाज कमी केला.

“मी त्या नातवंडांतच हरवले,” हेझलीन म्हणाली. “तुमचं कुठलं हो नाव?”

इस्मेच्या तोंडावर आलं होतं. नाही वाचलं, असं सांगून टाकावं. माझं नाव इस्मे टेलेसफोर्ड, आणि सगळं मी केलं, ती युलिन आठ वर्षांपूर्वी बॅग भरून गेली. ही हेझलीन तिच्या बाजूने अशी भांडली असती, की रेडिओवाल्यांना संध्याकाळी पुन्हा वाचायला लागलं असतं. इस्मेला राग आला होता. मार्वाचा, त्या चर्चवाल्याचा, आणि देवाची क्षमा मागून, बाईंचाही. एकदा तरी, शेवटी शेवटी तरी, मला इस्मे म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं?

पण समोर सेप्टिमस मान वळवून बसला होता. टोपी अजून हातात होती. इस्मेने नाव सांगितलं, तर कळणार होतं की बाईंना रोज आंघोळ घालणारीचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. आणि तिचं ठाऊक नव्हतं, तर पन्नास वर्षांपूर्वीच्या शेवटच्या बाकाचं कुठून असणार? म्हातारा शाळेत ढ असेल, पण एवढा हिशेब त्याला नक्की करता आला असता. आणि बसभर पसरलं असतं ते संध्याकाळपर्यंत बेटभर पसरलं असतं. फाटकातून ताठ होऊन बाहेर पडलेली किती तरी माणसं होती.

“युलिन,” इस्मे म्हणाली. “मी युलिन.”

“अगंबाई!” हेझलीनने दोन्ही हातांनी तिचा हात धरला. “पहिलंच नाव! मुलीच्याही आधी! ऐकलंत का रे, पोटच्या मुलीच्या जागी म्हणाले!”

“तरीच!” सेप्टिमस ओरडला. “तरीच म्हटलं पाहिलंय! बाईंनी हाक मारली होती, ‘युलिन, सेप्टिमसला सरबत आण.’ अंबाड्याचं होतं, थंडगार. तुम्हीच आणलंत!”

“हो,” इस्मे म्हणाली. “दोन ग्लास प्यायलात तुम्ही.”

ते मात्र खरं होतं, आणि ते बोलताना तिचा आवाज फुटला. बाई गेल्यापासून ती रडलेली नव्हती. धुणं, आवराआवर, येणाजाणाऱ्यांचा चहा, वेळच मिळाला नव्हता. आता हेझलीनच्या खांद्यावर हॅट वाकडी होईपर्यंत ती रडली. ओळख ना पाळख, पण त्या बाईने तिला थोपटलं. मागच्या पोरींपैकी एकीने रुमाल पुढे केला. कुणीतरी म्हणालं, “असं करणारं आता कोण राहिलंय.” दुसऱ्या कुणी म्हणालं, “देव बघतो हो, युलिनताई.” इतकी वर्षं जे कुणाच्या तोंडून ऐकायला ती आसुसली होती ते सगळं तिला त्या बसमध्ये मिळालं. फक्त प्रत्येक वेळी शेवटी ते नाव यायचं, आणि मिळालेलं हातातून निसटल्यासारखं व्हायचं.

गुयावला जायफळाच्या वखारीपाशी सेप्टिमसने बस थांबवायला पत्र्यावर ठकठक केलं. उतरण्यापूर्वी त्याने तिचा हात हातात घेतला. “शनिवारी येतो मी. तुम्ही पुढच्या बाकावर असाल. सगळ्यांदेखत येऊन भेटेन, चालेल ना?”

“चालेल,” इस्मे म्हणाली.

तो उतरला, शर्ट बाहेर लोंबत होता, आणि करवत काखेत धरून खरोखरच ताठ चालत गेला. बस सुटल्यावर मग तिच्या लक्षात आलं, की शनिवारी आता जाता येणार नाही. मार्वा हाताला धरून पुढे बसवेल, युलिन म्हणेल. तिच्या स्वतःच्या गावातलं कुणी ना कुणी असणारच तिथे, ते इस्मे म्हणून हाक मारेल. सेप्टिमस मध्येच उभा असेल. बाईंना शेवटचं बघायला मिळणार नव्हतं. बाईंना घरातून नेण्यापूर्वी तिने त्यांचे केस विंचरले होते तेच शेवटचं, आणि तेव्हा तिला माहीत नव्हतं, नाहीतर जरा सावकाश विंचरले असते.

हेझलीन उतरताना एक अळूची जुडी तिच्या पिशवीत कोंबून गेली. व्हिक्टोरिया मागे पडल्यावर ड्रायव्हरने न विचारता बस मुख्य रस्त्यावरून आत वळवली. “आज दारात सोडतो, युलिनताई. चढण चढू नका.” कुणी कुरकुर केली नाही.

दारात तिची धाकटी बहीण आल्मा कमरेवर हात ठेवून उभी होती. दोघी मिळून त्या घरात राहत, म्हणजे आल्मा राहायची आणि इस्मे सुट्टीच्या रविवारी यायची. आल्माचा चेहरा तापलेला होता. इस्मे पिशव्या घेऊन उतरली तशी बसच्या सगळ्या खिडक्यांतून हात बाहेर आले.

“बाय, युलिनताई!”

“झोपा आता, युलिनताई! पोटभर झोपा!”

बस वळून गेली. आल्मा तिच्या मागे बघत राहिली.

“रेडिओ ऐकला मी,” ती म्हणाली. “पहिल्यापासनं शेवटपर्यंत. पाववाल्याचं नाव घेतलं मेल्यांनी, तुझं नाही. आणि ही कोण युलिन? पोटची मुलगी काय, सेवा काय! आणि ही बसवाली माणसं कुणाला हाका मारत होती?”

“तिलाच,” इस्मे म्हणाली. “बसमध्ये होती ती.”

“बसमध्ये? तुझ्यासोबत? आणि तू गप्प बसलीस? मी असते तर झिंज्या धरल्या असत्या तिच्या!”

“काय बोलायचं तिला,” इस्मे म्हणाली. “फार दमली होती गं ती.”

आल्माने तिच्या हातातल्या पिशव्या काढून घेतल्या आणि तिची वाकडी झालेली हॅट सरळ केली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, “शनिवारसाठी तुझा काळा ड्रेस इस्त्री करून ठेवते.”

“नको करू,” इस्मे म्हणाली. आत जाऊन, हॅट न काढताच, ती पलंगावर आडवी झाली.